रूपाचा निवाडा

जालना शहराची ख्याती आज मुख्यतः दोन मालांवर उभी आहे: पोलादी सळई आणि बियाणे. निजामी अमदानीत व्यापारी पेठ म्हणून वाढलेल्या आणि ‘जालना, सोने का पालना’ हे बिरुद अजूनही कौतुकाने मिरवणाऱ्या या गावाने हे दोन परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले उद्योग एकाच पिढीत कसे आत्मसात केले, हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने सोडवावा असा प्रश्न आहे. विज्ञानाच्या वाचकाला मात्र तेथे निराळीच गोष्ट दिसते. सळईच्या कारखान्यात आणि बियाण्याच्या प्रयोगशाळेत ज्या तत्त्वाचा अंमल अहोरात्र चालू असतो, त्या तत्त्वाला दोन्ही शास्त्रांनी बहुरूपता हेच नाव दिले आहे. आणि गेल्या साठ वर्षांत संगणकशास्त्रानेही हेच नाव उचलून आपल्या दप्तरी दाखल केले आहे. तिन्ही ठिकाणचा आशय एकच नाही, आणि केवळ नामसाम्य म्हणून सोडून द्यावा इतका भिन्नही नाही. एका वस्तूला अनेक रूपे असतात एवढे सांगून कोशकार मोकळा होतो. परंतु खरी जिज्ञासा त्यापुढे सुरू होते, ती अशी की रूपे जर मोजकी आणि निश्चित असतील, तर त्यांतले कोणते, केव्हा आणि कोठे प्रकट व्हावे, याचा निवाडा करणारा कोण?

लोखंडापासून आरंभ करू. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून त्यांचे बिलेट ओततात, आणि ते बिलेट लालबुंद असताना रोलिंग मिलच्या रुळांमधून एकामागून एक दाबून नेत त्याची सळई ओढतात. शेवटच्या रुळातून बाहेर पडताना सळईचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि त्या क्षणी ती ज्या लोखंडाची बनलेली असते ते आपल्या घराच्या खिडकीच्या गजातले लोखंड नव्हे. रासायनिक दृष्ट्या अणू तेच, परंतु त्यांची मांडणी वेगळी. सामान्य तापमानाला लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक त्याच्या मध्यभागी अशा व्यूहात बसलेले असतात. तापमान ९१२ अंशांच्या वर गेले की हा व्यूह मोडतो, आणि अणू घनाच्या कोपऱ्यांवर व प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर असे नव्याने बसतात. पुढे १,३९४ अंशांना लोखंड पुन्हा पहिल्या व्यूहावर येते आणि १,५३८ अंशांना वितळते. या तीन अवस्थांना अनुक्रमे अल्फा, गॅमा आणि डेल्टा अशी ग्रीक अक्षरांची नावे आहेत. मधले बीटा गेले कोठे, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. फ्लोरिस ऑस्मंड या फ्रेंच धातुशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या नावांची रीत पाडली, तेव्हा सुमारे ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते हे पाहून त्याने त्या अवस्थेलाही एक स्वतंत्र रूप मानले होते. पुढे १९२०च्या सुमारास आर्ने वेस्टग्रेन या स्वीडिश संशोधकाने क्ष-किरणांनी तपास केला, तेव्हा अणूंची मांडणी तेथे मुळीच बदलत नाही असे निष्पन्न झाले, आणि बीटा लोखंडाचे नाव दप्तरातून खारीज झाले. गुण बदलला म्हणजे रूप बदललेच असे नव्हे, हा विवेक त्या रिकाम्या अक्षराने शास्त्राला शिकविला.

गॅमा लोखंडाचे एक वैशिष्ट्य प्रथमदर्शनी विपरीत भासते. त्याच्यातले अणू अधिक दाटीने बसलेले असतात; अल्फामध्ये अवकाशाचा ६८ टक्के भाग अणूंनी व्यापलेला असतो, तर गॅमामध्ये ७४ टक्के. तरीही कार्बनचे अणू पोटात घेण्याची शक्ती गॅमाची फार मोठी आहे, कारण त्याच्यातल्या पोकळ्या संख्येने थोड्या असल्या तरी आकाराने मोठ्या आहेत, आणि अल्फातल्या पोकळ्या पुष्कळ पण कार्बनला सामावून घेण्यास अपुऱ्या आहेत. परिणाम असा की गॅमा लोखंड १,१४७ अंशांना सुमारे दोन टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळवते, आणि अल्फा ७२७ अंशांनाही टक्क्याच्या पन्नासाव्या हिश्शावर समाधान मानते. शंभरपट अंतर! मनुष्यजातीच्या तलवारी, नांगराचे फाळ, रेल्वेचे रूळ आणि पूल यांचा सारा इतिहास या एका तफावतीवर उभा आहे. जालना ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत मोडत होते, त्याच संस्थानातल्या निजामाबादजवळच्या कोनसमुद्रम् गावी मुशीत शिजवून काढलेले पोलाद पूर्वी इराणपर्यंतच्या बाजारांत जात असे. त्या लोहारांना अणूंच्या व्यूहाची वार्ता नव्हती, पण तापविण्याचा आणि थंड करण्याचा कायदा त्यांच्या हाताला पक्का माहीत होता.

आता आपल्या सळईकडे परत येऊ. रुळातून बाहेर पडताच ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी भरलेल्या नळ्यांतून जाते, आणि जेमतेम सेकंदभरात तिचा पृष्ठभाग काही शे अंशांपर्यंत निवतो. गाभा मात्र अजून लालच असतो. सावकाश थंड होण्यास सवड मिळाली असती, तर गॅमा लोखंडाने पोटातला कार्बन हळूहळू बाहेर टाकून अल्फाचे रूप घेतले असते. येथे ती सवडच नसल्यामुळे कार्बनचे अणू जागच्या जागी अडकून पडतात, घन एका दिशेने ताणला जातो आणि एक तिसरेच, अत्यंत कठीण रूप जन्माला येते. आडोल्फ मार्टेन्स या जर्मन धातुशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला मार्टेन्साइट म्हणतात. या नुसत्या मार्टेन्साइटची सळई वापरली, तर वाकविताना ती तडकेल. म्हणून युक्ती अशी की पाण्यातून बाहेर आल्यावर गाभ्यातली उष्णता आपोआप बाहेर सरकते, थंड झालेल्या सालीला पुन्हा सहाशे अंशांच्या आसपास तापवते, आणि तिचा ठिसूळपणा उतरवते. त्यानंतर सळई थंड होण्याच्या मंचावर पडून असता गाभा सावकाश निवतो व त्याचे मऊ, लवचिक अल्फा लोखंड होते. बांधकामाच्या बाजारात जिला टीएमटी म्हणतात ती हीच सळई. बाहेरची साल बळकट, आतला गाभा चिवट. आणि दोहोंत रासायनिक भेद काहीच नाही. कोणा गवंड्याच्या मनात संशय असेल, तर सळईचा आडवा काप घासून गुळगुळीत करून त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेले पातळ नायट्रिक आम्ल लावावे; काठाशी एक काळसर कडे आणि मध्ये फिकट वर्तुळ स्पष्ट उठते. ते कडे सर्वत्र सारख्या जाडीचे नसेल, कोठे तुटलेले असेल, तर पाण्याचा फवारा एकसारखा बसला नाही असे समजावे. भारतीय मानक १७८६ अन्वये ‘एफई ५००’ अशा छापाने ओळखल्या जाणाऱ्या सळईने प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ५०० न्यूटनांचा भार कायमची न ताणता सहन केला पाहिजे, आणि तुटण्यापूर्वी निदान बारा टक्के लांबली पाहिजे. या दोन परस्परविरोधी अटी एकाच सळईकडून पुऱ्या करवून घेण्याचे काम तिच्या दोन रूपांनी वाटून घेतलेले असते.

बहुरूप्याच्या सोंगाखाली माणूस तोच राहतो, रायरंदाचा रंग उतरला की घरचा गृहस्थ दिसतो. लोखंडाचे तसे नाही. येथे रंगाखाली दडलेला असा कोणी मूळ गृहस्थ नाहीच. प्रत्येक रूप तितकेच खरे आहे, आणि कोणते प्रकट व्हावे याचा निवाडा तापमान, दाब आणि काळ हे तिघे मिळून करतात. त्यांतही काळाचा अधिकार मोठा विलक्षण आहे, कारण तापमान जे रूप मंजूर करते ते अमलात आणण्यास लागणारी सवड नाकारण्याचा हक्क काळाकडे असतो, आणि मार्टेन्साइट हे त्या नकाराचेच फळ आहे.

स्फटिकांच्या या स्वभावाचा शोध अर्थातच लोखंडावरून लागला नाही. मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८८ मध्येच दाखविले होते की कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट ही दोन भिन्न आकारांची खनिजे एकाच पदार्थाची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, बनलेली आहेत. पुढे १८२०च्या दशकात आइलहार्ड मिचर्लिख याने काही क्षारांवर आणि गंधकावर प्रयोग करून हा अपवाद नसून निसर्गाचा सामान्य परिपाठ आहे असे प्रतिपादन केले. त्याचे उदाहरण पाहण्यास जर्मनीला जाण्याचे कारण नाही. मराठवाड्याच्या काळ्या बेसाल्टमध्ये खाणी खणताना ज्या पोकळ्या लागतात, त्यांत पारदर्शक, तिरप्या पैलूंचा कॅल्साइट पुष्कळदा सापडतो. आणि जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखीत जाणाऱ्या गोदावरीच्या वाळूत जे शिंपले पडलेले असतात, त्यांचे कवच मुख्यत्वे अ‍ॅरागोनाइटचे असते. रासायनिक दृष्ट्या दोन्ही एकच. शिंपल्याचे रूप अधिक दाट असले तरी भूपृष्ठावरच्या परिस्थितीत ते किंचित अस्थिर आहे, आणि निसर्गाचा निकाल तंतोतंत अमलात आला असता तर त्याने कॅल्साइट होऊन जायला हवे होते. तरीही शिंपल्यातल्या त्या मृदू जीवाने आपल्या प्रथिनांच्या साहाय्याने तेच रूप घडवून घेतले, आणि एकदा घडलेले रूप मोडण्यास लागणारी ऊर्जा सामान्य तापमानाला मिळत नसल्यामुळे ते टिकून राहिले. औषधांच्या कारखानदारांना या गोष्टीचा फार धाक असतो, आणि तो साधार आहे. एड्सवर दिल्या जाणाऱ्या रिटोनाव्हिर या औषधाच्या कॅप्सूलमध्ये १९९८ साली, बाजारात येऊन दोन वर्षे लोटल्यावर, त्याचे एक अधिक स्थिर पण कमी विरघळणारे स्फटिकरूप अचानक उगवले, आणि त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. रेणू तोच, मात्रा तीच, पण रोग्याच्या रक्तात ते पुरेसे उतरेना.

सजीवांच्या बहुरूपतेकडे वळताना मनाची एक सवय सोडावी लागते. लोखंडाच्या बाबतीत परिस्थिती बदलली की रूप बदलते. सजीवांत मात्र एकाच परिस्थितीत, एकाच बागेत, एकाच ऋतूत निरनिराळी रूपे शेजारी शेजारी नांदत असतात, आणि जन्मास आलेला जीव आपले रूप मरेपर्यंत बदलत नाही. ऑक्सफर्डच्या ई. बी. फोर्ड यांनी १९४० मध्ये या अवस्थेची जी व्याख्या केली, ती अजूनही प्रमाण मानतात: एकाच जातीच्या एकाच समूहात दोन किंवा अधिक स्पष्ट भिन्न रूपे अशा प्रमाणात आढळली पाहिजेत की त्यांतल्या सर्वांत विरळ रूपाचे अस्तित्वही केवळ पुनःपुन्हा घडणाऱ्या उत्परिवर्तनाने समजावून देता येऊ नये. म्हणजे विरळ रूपाला तगवून धरणारे काहीतरी कारण असलेच पाहिजे. या कसोटीला आपल्या रक्तगटांची ए, बी, एबी आणि ओ ही विभागणी उतरते. परंतु १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ज्या रक्तगटाचा शोध लावून ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून मुंबईचे नाव जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत नेले, तो इतका दुर्मीळ आहे की फोर्ड यांच्या व्याख्येची मर्यादा त्याला बहुतेक ठिकाणी ओलांडता येत नाही.

जालना जिल्ह्यात या व्याख्येचे उदाहरण मोसंबीच्या बागेत उडत असते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि बागाईतदार तिच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पाहिल्या की औषध मारण्याच्या विचारात पडतो. त्यांतली एक अळी ‘कॉमन मॉर्मन’ या फुलपाखराची असते. लिंबू, मोसंबी आणि परसातला कढीपत्ता ही तिची आवडती झाडे. नर फुलपाखरू एकाच प्रकारचे, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले. मादीची रूपे मात्र तीन. एक हुबेहूब नरासारखी. दुसरीच्या पंखांवर पांढरे आणि तांबडे डाग असून ती ‘कॉमन रोझ’ या फुलपाखराची नक्कल करते. आणि तिसरी ‘क्रिमसन रोझ’ या दख्खनातल्याच दुसऱ्या फुलपाखराची. ही दोन्ही ‘रोझ’ फुलपाखरे अळीपणी ईश्वरीच्या वेलीची विषारी पाने खातात, त्यामुळे पक्षी त्यांना टाळतात. आणि मॉर्मनची मादी, जी वस्तुतः अगदी खाण्याजोगी आहे, ती त्या बदनामीचा फायदा घेते. जुन्या प्रकृतिशास्त्रज्ञांनी या रूपांना निरनिराळ्या जाती समजून निरनिराळी नावे दिली होती. ही सारी एकाच जातीची आहेत हे मलाया द्वीपसमूहात हिंडलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ मध्ये आपल्या निबंधात मांडले.

येथे सहज शंका येते. नक्कल जर इतकी फायद्याची, तर साऱ्या माद्या नक्कलच का करीत नाहीत? याचे उत्तर पक्ष्याच्या स्मरणशक्तीत आहे. खऱ्या विषारी फुलपाखरांची संख्या भरपूर आणि नकली थोड्या, असे असेपर्यंत पक्ष्याला आलेला कडू अनुभव नकलीला तारतो. नकली वाढल्या की पक्ष्याच्या चोचीत गोड घास वरचेवर येऊ लागतो, आणि तांबड्या डागांची दहशत ओसरते. अर्थात, रूप जितके विरळ तितके ते सुरक्षित, आणि जितके फैलावेल तितके धोक्यात. म्हणून कोणत्याच एका रूपाला निर्विवाद सत्ता मिळत नाही. निवाडा येथे कोणा एकाचा नसून बहुसंख्येच्या विरुद्ध झुकणाऱ्या एका काट्याचा आहे, आणि तो पिढ्यानुपिढ्या झुलत राहतो.

व्यक्तीपुरता निवाडा मात्र गर्भाधानाच्या क्षणीच होऊन गेलेला असतो, आणि त्याची किल्ली बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील मराठी संशोधक कृष्णमेघ कुंटे यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातून जाहीर केली. पंखांचा आकार, डागांचा रंग, त्यांची जागा अशी अनेक लक्षणे एकगठ्ठा वारशाने उतरतात, म्हणजे त्यामागे शेजारी शेजारी चिकटलेली बरीच जनुके असावीत, असा तर्क शास्त्रज्ञ अनेक दशके करीत आले होते. तपासाअंती ते काम एकाच जनुकाचे निघाले. आणि तेही कोणते, तर ‘डबलसेक्स’, म्हणजे कीटकाचे शरीर नर व्हावे की मादी याचा हिशेब सांभाळणारे. नराच्या अंगातही नकलीचे जनुक असू शकते, आणि तो ते मुलींकडे पोहोचवतो, परंतु त्याच्या स्वतःच्या पंखांवर त्याचा लवलेशही उमटत नाही. नियंत्रक जनुकानेच वेषाचाही कारभार सांभाळावा, हे अल्पखर्ची निसर्गाच्या स्वभावाला धरूनच झाले.

बियाण्याच्या धंद्यात बहुरूपतेचा उपयोग याहून रुक्ष, पण पैशाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही संस्था स्थापन केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि देशात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा ती ज्या संकरित वाणांना मिळाली त्यांचा उगमही याच संस्थेकडे होता. संकरित कापसाचे बियाणे तयार करताना एका वाणाच्या कळीतले पुंकेसर हाताने खुडून त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग लावावे लागतात, आणि हे नाजूक काम शेतातल्या बायका कळ्यांच्या हजारोंच्या हिशेबात करीत असतात. एखादी कळी खुडायची राहिली की तिच्या बोंडातले बी संकरित न राहता मातृवाणाचे होते, आणि डोळ्यांना दोघांत फरक दिसत नाही. पूर्वी याचा एकच उपाय होता: प्रत्येक ढिगातला नमुना शेतात पेरावा, झाडे वाढू द्यावीत, आणि एकेक झाड तपासून भेसळ मोजावी. त्यात एक हंगाम जाई, आणि माल गोदामात अडकून पडे. आता त्याऐवजी बियाच्या डीएनएमधली बहुरूपताच तपासतात. डीएनएच्या साखळीत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचे तेच ते तुकडे ओळीने आलेले असतात, आणि अशा पुनरावृत्तींची संख्या वाणावाणांत भिन्न असते. अशी एखादी जागा निवडावी की जेथे मातेच्या वाणात पुनरावृत्ती थोड्या आणि पित्याच्या वाणात अधिक आहेत. मग अंकुराच्या पानातून डीएनए काढून जेलीत विजेच्या प्रवाहाने ओढला, तर मातृवाणाच्या बियाला एक पट्टा दिसेल, आणि खऱ्या संकराला दोन. हे काम थोड्या दिवसांत उरकते. येथे बहुरूपतेचा साऱ्या रंगरूपाशी, पक्ष्यांशी किंवा जगण्यामरण्याशी काही संबंध उरलेला नाही. वनस्पतीच्या दृष्टीने त्या जागेवरच्या पुनरावृत्ती सात असल्या काय आणि अकरा असल्या काय, बहुधा सारखेच. ती केवळ एक खूण आहे, आणि तिचा निवाडा वाचणारा कारकून प्रयोगशाळेत बसलेला आहे.

यंत्राच्या जगात शिरल्यावर निवाड्याचा प्रश्न अधिक उघड होतो, कारण तेथले सारे नियम माणसाने मांडलेले आहेत आणि त्यामुळे कोणता निकाल कोणी दिला हे दप्तर उघडून दाखविता येते. संगणकाच्या भाषांसंबंधी हा शब्द व्यवस्थितपणे प्रथम वापरला तो क्रिस्टोफर स्ट्रेची या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९६७ साली कोपनहेगन येथे दिलेल्या व्याख्यानांत. त्याने दोन प्रकार वेगळे केले. बेरजेचे चिन्ह पूर्णांकांना वेगळ्या रीतीने लागू होते आणि दशांश अपूर्णांकांना वेगळ्या रीतीने, यंत्राच्या पोटात ती दोन स्वतंत्र कामे आहेत, केवळ चिन्ह समान आहे. हा झाला प्रासंगिक प्रकार. याउलट एखाद्या यादीचा क्रम उलटा करावयाचा असेल, तर तीत गावांची नावे आहेत की पावसाचे आकडे आहेत याची चौकशी करण्याचे प्रयोजनच नाही. तोच एक आदेश सर्वांना अक्षरशः जसाच्या तसा चालतो. हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक सुंदर प्रकार; रॉबिन मिलनर यांनी १९७८ मध्ये त्याला गणिती शिस्त लावली. या दोन्हींत निवाडा सामान्यतः कार्यक्रम चालण्यापूर्वी, त्याचे यंत्रभाषेत रूपांतर होतानाच, होऊन जातो.

परंतु आज नोकरीच्या मुलाखतीत विद्यार्थ्याला ज्या बहुरूपतेबद्दल विचारतात, ती तिसरी आहे. तिचा उगम ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी १९६७ मध्ये सिद्ध केलेल्या सिम्युला या भाषेत सापडतो. जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीसाठी कोणी हिशेबाचा कार्यक्रम लिहीत आहे असे समजा. तेथे कापूस येतो, तूर येते, मोसंबी येते, आणि रेशीम कोषांचीही बाजारपेठ आहे. कापसाचा भाव क्विंटलवर ठरतो आणि ओलावा आठ टक्क्यांहून अधिक असेल तर त्यात कपात होते. मोसंबीचा भाव टनावर बोलतात. कोषांचा भाव प्रत्येक ढिगातला नमुना पारखून लागतो. नवशिका लेखक जेथे जेथे मूल्य काढावयाचे तेथे तेथे ‘कापूस असेल तर असे, तूर असेल तर तसे’ अशी जर-तरची उतरंड रचतो, आणि उद्या समितीने आणखी एक माल दाखल केला की पावतीत, खतावणीत, अडत्याच्या हिशेबात आणि मासिक अहवालात विखुरलेली ती प्रत्येक उतरंड शोधून दुरुस्त करण्याची पाळी त्याच्यावर येते. जाणता लेखक मुख्य कार्यक्रमात ‘मूल्य काढ’ एवढाच हुकूम ठेवतो, आणि मूल्य काढण्याची रीत ज्या त्या मालाच्या वर्गात लिहून ठेवतो. पावती छापणाऱ्या भागाला समोर काय आले आहे याची गंधवार्ता नसते. हुकूम एक, तामिली ज्याची त्याची.

ही किमया आतून घडते ती अगदी साधेपणाने. प्रत्येक वर्गासाठी स्मृतीत एक लहानसा तक्ता असतो, आणि त्यात त्या वर्गाची प्रत्येक रीत स्मृतीच्या कोणत्या जागी लिहिली आहे याची नोंद असते. प्रत्यक्ष मालाच्या नोंदीत आपल्या वर्गाचा तक्ता कोठे आहे याचा पत्ता असतो. कार्यक्रम चालू असताना हुकूम आला की यंत्र त्या पत्त्यावरून तक्ता गाठते, तक्त्यातल्या ठरलेल्या ओळीवरचा पत्ता वाचते, आणि तेथे उडी घेते. म्हणजे निवाडा लांबणीवर टाकलेला असतो, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत. आणि या लांबणीसाठी जादा वाचनाची किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते. तिची दुसरी किंमत पुस्तकांत सहसा सांगत नाहीत. नवा माल आणणे यामुळे सोपे झाले, पण नवा हुकूम आणणे अवघड झाले. उद्या शासनाने प्रत्येक मालासाठी ‘नुकसानभरपाई काढ’ असा आदेश काढला, तर एकेका वर्गाचे दार ठोठावून त्याची रीत लिहावी लागते. जर-तरच्या उतरंडीत नेमके उलटे होते. या पेचावर सर्वांना मानवणारा तोडगा अद्याप निघालेला नाही, आणि जे लेखक प्रत्येक दोन वस्तूंसाठी वर्गांचा वंशवृक्ष उभारीत सुटतात, त्यांनी या दुसऱ्या बाजूचा विचार केलेला नसतो असे माझे मत आहे.

संगणकाच्या विषाणूंनी हाच शब्द उलट्या अर्थाने वापरला. मालाच्या वर्गांत हुकूम एक आणि कृती अनेक. येथे कृती एकच, आणि रूपे अगणित. विषाणू शोधणारी जुनी सॉफ्टवेअरे त्याच्या शरीरातली एखादी ठरावीक अक्षरमाला टिपून ठेवीत व प्रत्येक फाइलमध्ये तिचा शोध घेत. १९९०च्या सुमारास अशा विषाणूंचा उदय झाला की जे प्रत्येक नव्या प्रतीच्या वेळी आपले शरीर नव्या किल्लीने कुलूपबंद करतात, आणि ते कुलूप उघडणारा जो छोटा भाग उघडा ठेवावा लागतो त्याच्या सूचनांचीही प्रत्येक वेळी उलटापालट करतात, निरर्थक सूचना मध्ये घुसडतात, एका कामासाठी दोन रीती आलटून पालटून वापरतात. त्याच दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी क्विक हील हा विषाणुरोधक बाजारात आणला, आणि त्या काळातल्या प्रत्येक विषाणुरोधकापुढे हाच पेच होता की ज्याला एक ठसा नाही त्याला ओळखावे कसे. यावर निघालेला उपाय असा: संशयित फाइलला खऱ्या यंत्रावर न सोडता स्मृतीत उभारलेल्या एका खोट्या यंत्रावर चालू द्यावे, आणि तिने आपले कुलूप आपल्या हाताने उघडेपर्यंत थांबावे. रूप कितीही बदलले तरी उघडल्यावर आतला मजकूर तोच निघतो, आणि अक्षरमालेची जुनी तपासणी तेथे पुन्हा उपयोगी पडते. मग विषाणूंच्या लेखकांनी आपण खोट्या यंत्रावर चालत आहोत काय हे ताडून पाहण्याच्या युक्त्या विषाणूत घातल्या, संशय आल्यास काहीच न करता स्वस्थ बसण्याची तजवीज केली. आणि तपासणाऱ्यांना ते खोटे यंत्र घड्याळाच्या ठोक्यापर्यंत खऱ्यासारखे बनविणे भाग पडले.